लाल पाण्याचं गाव

लिंबायतच्या त्या गल्लीत छाया बैसाणेला सगळे छायाबेन म्हणत. ती होती साक्री तालुक्यातली, घरात मराठीच बोलायची. पण सुरतेत शिकवणारी बाई म्हणजे बेन, मग ती कुठलीही असो. नवरा हिलाल लूमच्या कारखान्यात होता आणि ती एका ट्रस्टच्या बालवाडीत. बालवाडी म्हणजे पत्र्याची एक खोली, मागे तिच्याएवढंच अंगण आणि भिंतीवर प्राण्यांचं एक मोठं चित्र. हत्ती, सिंह, झेब्रा, आणि सगळ्यांच्या वर मान काढलेला जिराफ.

त्या चित्रावरूनच सगळं सुरू झालं. शहाण्णव सालची दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. निम्मी पोरं गावाला जाऊन आली होती. कुणी शिरपूरला, कुणी अमळनेरला, एकजण तर थेट वाशीमला. जो तो आपापल्या गावाचं सांगत होता. तेवढ्यात पाच वर्षांच्या चैतालीने जिराफाकडे बोट केलं आणि विचारलं, "बेन, याचं गाव कोणतं?"

उत्तर छायाबेनला ठाऊक होतं. पण ज्या पोरांना सुरत स्टेशनाबाहेरचं जग म्हणजे भुसावळची गाडी जाते तेवढंच, त्यांना आफ्रिका हे नुसतं नाव सांगून काय उपयोग? तिने दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात खडूने आफ्रिकेचा आकार काढला, दोन घमेली माती आणवली आणि पोरांना बाह्या वर करायला लावल्या.

मग जवळजवळ महिनाभर त्या अंगणात आफ्रिका घडत राहिली. वरच्या अंगाला तापीची रेती पसरली, ते वाळवंट. मधे कडुनिंबाच्या डहाळ्या दाटीने खोचल्या, ते जंगल. गवताळ भागात पोरांनी ज्वारी आणि बाजरी पेरली. ही दोन्ही धान्यं फार फार पूर्वी तिकडूनच आपल्याकडे आली, असं बेनने सांगितलं तेव्हा एकाने डबा उघडून आपल्या भाकरीकडे संशयाने पाहिलं. जिराफ केवढा असतो ते दाखवायला तिने समोरच्या घराच्या गच्चीवरून सुतळी खाली सोडली, तर पोरं मान मागे टाकून इतका वेळ बघत राहिली की दोघं मागच्या मागे पडली. घरी गेल्यावर पोरांची तीच टकळी. काही आया हसायच्या, काही कुरकुरायच्या. रोज चिखलाचे कपडे धुवायचे, आणि आकडे कधी शिकवणार?

शेवटी राहिली नाईल नदी. छायाबेनने मातीत दोन चर काढले. एक उजवीकडच्या डोंगरातून, एक खालच्या मोठ्या तळ्यातून. ती निळी नाईल आणि ही पांढरी नाईल. एका लोट्यात कपड्यांची नीळ घातली, दुसऱ्यात चुना कालवला. दोन पोरांनी पाणी ओतलं. दोन्ही धारा वळणं घेत मधे भेटल्या, फिकट निळ्या झाल्या आणि वाळवंट ओलांडून वरच्या समुद्रात, म्हणजे पत्र्याच्या टपात, पडल्या. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

चैताली तेवढी गप्प होती. ती चराशी उकिडवी बसून राहिली आणि म्हणाली, "बेन, नीळ टाकली म्हणून ही निळी. मग आपली खाडी लाल कशानं?"

खाडी बालवाडीपासून हाकेच्या अंतरावर होती. वर कारखान्यांच्या बाजूने यायची. कधी लाल, कधी हिरवी, कधी दौतीतल्या शाईसारखी. या गल्लीत जन्मलेल्या पोरांना त्यात नवल वाटायचं नाही. कुणी हे विचारण्याची ही पहिलीच वेळ. पण बालवाडी सुटली होती, आया दारात खोळंबल्या होत्या, आणि छायाबेनचे हात कोपरापर्यंत चिखलाने माखले होते. हात धुता धुता ती म्हणाली, "नदी जिथून निघते ना, तिथे गेल्यावरच कळतं तिला रंग कुठून येतो. आपण बघू हं एकदा."

ते शेवटचं वाक्य पोरीच्या कानापर्यंत पोचलं की नाही, कोण जाणे.

दुपार कलल्यावर चैतालीची आई सीता धापा टाकत बालवाडीच्या दारात आली. ती घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करायची. बोटं अजून डिंकाने चिकट होती.

"बेन, मनी पोर आठे शे का?"

"नाही गं. ती तर सुटल्यावर तुझ्याबरोबरच गेली."

"जेवनी, आनि मंग कथी गई, काय माहीत! मी टिकल्या लावत बसले व्हते. वर पाह्यलं तर दार उघडं."

दोघी निघाल्या. शेजारपाजार, दुकानं, नळ, महादेवाचं देऊळ, सगळं धुंडाळून झालं. पोर कुठेच नाही. चैतालीचा बाप लोटू कारखान्यातून तसाच पळत आला, अंगावरच्या बनियनला सुताचे धागे चिकटलेले. बघता बघता अर्धी गल्ली गोळा झाली. आणि मग जे सगळ्यांच्या मनात होतं ते कुणीतरी बोलून गेलं, "खाडीवर पाहिलं का?"

सीताने तिथेच बसकण मारली. माणसं बांबू घेऊन खाडीच्या खालच्या अंगाला धावली. पाण्यात पडली असली तर वाहून पुलाशी अडकेल, असा हिशेब होता. लाल पाण्यात बांबू खुपसले जाऊ लागले. दर वेळी काही मऊ लागलं की काठावरची माणसं पुढे वाकायची, आणि वर यायची चिंध्यांची मोटळी, नाहीतर प्लास्टिक. छायाबेन पुलावर उभी होती. तिच्या मनात सारखं काहीतरी टोचत होतं, पण ते काय, हे हाती लागत नव्हतं.

तेवढ्यात पुलालगतच, गल्लीच्या तोंडाशी आरडाओरडा झाला. चार-पाच जण एका माणसाला ओढत आणत होते. 'बुढ्ढी के बाल' विकणारा, उत्तरेकडचा, पन्नाशीचा माणूस. काठीवर गुलाबी साखरेचे गोळे लावून घंटी वाजवत रोज फिरायचा. गेले काही दिवस पोरं पळवणारी टोळी शहरात आल्याची आवई उठली होती. कुणा बाईने सांगितलं, दुपारी चैताली याच्याशी बोलताना दिसली होती. तेवढं पुरे झालं. त्याची काठी मोडली होती, गुलाबी गोळे पायदळी तुडवले गेले होते आणि ओठातून रक्त येत होतं.

"पोरगी कुठंय? बोल!" लोटूने त्याची मान धरली.

"भैया, मैंने कुछ नहीं किया. बच्ची ने पूछा, ये लाल रंग कहाँ से लाते हो. मैंने हँसी में कह दिया, मिल से आता है, उधर से. बस, इतना ही..."

त्याने हात वर केला तो खाडीच्या वरच्या बाजूला. पुढचं कुणी ऐकलंच नाही. पाठीत एक गुद्दा बसला, मग दुसरा. मागून कुणीतरी वीट उचलली.

छायाबेनला टोचत होतं ते हेच. पोरगी लाल रंग शोधत होती. ती खाली गेलीच नव्हती, ती वर गेली होती. आणि सगळी गल्ली खालच्या अंगाला पाणी ढवळत होती.

आता बोलायचं म्हणजे काय बोलायचं, हेही तिला त्याच क्षणी कळलं. संतापलेला जमाव समोर, हातात वीट, आणि आपण सांगायचं की पोरीला ती वाट मी दाखवली. पण वीट हवेत होती.

ती पुलावरून ओरडली, "त्याला सोडा! तो खरं बोलतोय!"

सगळे वळले.

"चैताली मला विचारत होती, खाडी लाल का. मीच म्हटलं, नदी निघते तिथे गेल्यावर कळतं. ती पाण्याच्या उगमाकडे गेली असणार. वर, कारखान्यांकडे."

लोटूने त्या माणसाची मान सोडली आणि तो छायाबेनसमोर आला. "म्हंजे तुमीच धाडली?"

"लोटूभाऊ, मला काय बोलायचं ते नंतर बोला. मारायचं तर माराही. पण अंधार पडेल. आत्ता वर चला."

गल्लीतले म्हातारे चिंधाबाबा पुढे झाले, त्या फेरीवाल्याला धरून त्यांनी ओट्यावर बसवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी बसले. "मी इथंच हाये," ते जमावाला म्हणाले. "पोर सापडेपर्यंत याच्या अंगाला कुनी हात लावायचा नाही."

गल्लीतल्या छगनची रिक्षा उभी होती. लोटू आणि छायाबेन तिच्यात बसले. लोटू तिच्याकडे बघत नव्हता. रस्ता खाडीच्या कडेकडेने जिथपर्यंत होता तिथपर्यंत छगनने रिक्षा दामटली. पुढे नुसती बाभूळ आणि कचऱ्याचे ढीग. तिघं उतरून पळू लागले. हाक मारली की कुत्री तेवढी ओ द्यायची. पाणी मात्र जसजसं वर जावं तसतसं गडद होत होतं, आणि त्यावर वाफ दिसू लागली होती.

एका रंगाई कारखान्याच्या मागे, भिंतीतून एक जाडजूड पाइप खाडीत उतरत होता. त्याच्याखाली रंगीत गाळाचं दलदलीसारखं डबरं झालं होतं. त्या डबऱ्यात गुडघ्यांच्या वरपर्यंत रुतून चैताली उभी होती. हातात एक रिकामी बाटली. रडून रडून आवाज गेलेला.

"मना बापजी!" तिने बापाला पाहून हात पसरले.

लोटू उडी टाकणार, तोच भिंतीवरून चौकीदार ओरडला, "एय! दूर खसो! हमणां गरम पाणी छोडशे!"

आतल्या मशीनचं उकळतं पाणी याच पाइपातून सोडायची वेळ झाली होती. छगन फाटकाकडे धावला. "बंद करा! पोर आहे खाली! बंद करा!" चौकीदाराने खाली वाकून पाहिलं आणि तो आत पळाला. पण मशीनच्या आवाजात आतल्या माणसाला कधी ऐकू जाणार?

लोटूने गाळात पाय टाकला तो मांडीपर्यंत गेला. तो धिप्पाड माणूस, हलता येईना. छायाबेनने त्याला मागे खेचलं, पदर कमरेला आवळला आणि ती गाळावर पालथी झाली. "माझे पाय धरा. सोडू नका." ती सरपटत पुढे गेली. तोंडात, नाकात तो आंबट उग्र वास. हात पोरीच्या काखेत गेले. पोर निघेना. गाळ सोडेना. पाइपातून गुरगुर ऐकू येऊ लागली.

"चैताली, पाय हलव. बेडकासारखे. एक, मग दुसरा. हं!"

फचकन आवाज होऊन एक पाय सुटला. मग दुसरा. छायाबेनने पोरीला स्वतःच्या अंगावरून मागे ढकललं, लोटूच्या हातात दिलं, आणि त्यासाठी लोटूला तिचे पाय सोडावे लागले. ती वळून उठायला गेली तेवढ्यात पाइप ओकला. वाफ आणि लाल पाणी. डावी पिंढरी त्यात सापडली. तिची किंकाळी पुलापर्यंत गेली असेल. एवढ्यात धार बारीक झाली आणि थांबली. चौकीदार पोचला होता.

चैतालीच्या कातडीवर लाली आली होती, एवढंच. छायाबेनचा डावा पाय मात्र पिंढरीपासून घोट्यापर्यंत सोलून निघाला. छगनने दोघींना दवाखान्यात नेलं. वाटेत लोटू पोरीला छातीशी घट्ट धरून होता. बोलला एकच वाक्य, तेही बाहेर बघत, "बेन, दुखतंय का फार?"

फेरीवाल्याला चिंधाबाबांनी सोडून दिलं. तो मोडकी काठी घेऊन निघून गेला आणि त्या गल्लीत पुन्हा कधी दिसला नाही. पाय जरा टेकता येऊ लागल्यावर छायाबेन त्याला शोधायला स्टेशनाबाहेर दोनदा जाऊन आली. तिथल्या दुसऱ्या फेरीवाल्यांनी सांगितलं, तो गावाला परत गेला. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

ट्रस्टचा सुपरवायझर आला, त्याने अंगणाकडे नजर टाकली आणि म्हणाला, "हे सगळं उद्यापर्यंत साफ पाहिजे. बाराखडी शिकवा, गाणी शिकवा. आणखी एक तक्रार आली तर दुसरी बेन बघावी लागेल." छायाबेनने लंगडत लंगडत ती माती स्वतः उकरली. ज्वारीचे कोंब बोटभर वर आले होते. हिलाल म्हणाला, "मी काढतो, तू बस." तिने त्याला काढू दिलं नाही.

पुढे कितीतरी दिवस निम्म्या चटया रिकाम्या असत. आया पोरांना पाठवीनात. काही रस्त्यात दिसल्या की तोंड फिरवायच्या. छायाबेन पट्टी बांधलेला पाय पुढे पसरून उरलेल्या पोरांकडून अ-आ गिरवून घ्यायची. काम सोडावं, असं तिच्या मनात रोज यायचं.

मग संक्रांतीच्या सुमाराला सीता आली. चैताली तिच्या बोटाला होती.

"बेन, ही घरात पराती मांडते, पानी ओतते, हळद कालवते, कुंकू कालवते. मी मारलं तरी आयकत नाही. मले विचारते, मले कुठं येतं? तुमीच शिकवा."

"सीता, मी शिकवलं म्हणूनच..."

"मी काय म्हनते, आयका. तुमी म्हनले होते ना तिले, आपन बघू? मंग दाखवा. पन मी संगं येईन."

छायाबेनने मान हलवली.

सुपरवायझरला विचारलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता. म्हणून तिने रविवार धरला, बालवाडीच्या सुट्टीचा. सीताने चार घरी जाऊन सांगितलं, त्या चौघींनी आणखी तिघींना. एकेका पोराचा हात एकेका आईच्या हातात, असा तो घोळका खाडीच्या काठाने, पाण्यापासून चांगला लांब, वर चालत गेला. लोटू सर्वांत मागे होता, एकही पोर मागे राहू नये म्हणून. कारखान्याच्या भिंतीशी पोचल्यावर छायाबेनने पाइप दाखवला. साडीला रंग कसा देतात, उरलेलं पाणी कसं टाकतात, ते सांगितलं. पोरं ऐकत होती, आयाही. त्या आयांतल्या कितीतरी जणी त्याच रंगाच्या साड्यांवर टिकल्या लावत होत्या.

सीताने नाकाला पदर लावला होता. तो काढून तिने विचारलं, "बेन, ते जिराफाच्या गावच्या नदीतबी असंच सोडतात का?"

"मला माहीत नाही," छायाबेन म्हणाली. "विचारून सांगते."