आंध्राच्या नंबराची गाडी

गाडी आधी घ्यायची की बदली झाल्यावर, यावर हैदराबादेत आमच्या तारनाक्याच्या भाड्याच्या घरात इतकी चर्चा झाली, की गाडीची हौस त्या चर्चेतच संपली. मी केंद्र सरकारच्या नोकरीत होतो आणि नांदेडला बदली मागितली होती. ती आज येईल, उद्या येईल असं करत लांबत चालली होती. बायको म्हणायची, तिकडे गेल्यावरच घेऊ. इथे घेतली तर पुन्हा तिथला कर, पुन्हा तिथला नंबर, नसती कटकट. कचेरीत शेजारच्या टेबलवरचे गृहस्थही रोज तेच ऐकवायचे, "कायकू जल्दी करतें साब? पैले जाओ, फिर लेओ." सगळे शहाणे होते आणि सगळ्यांचं बरोबर होतं.

घाई होती ती फक्त दादांना. दादा म्हणजे माझे वडील. नांदेडला माझ्या धाकट्या भावाकडे राहायचे. जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत जन्म घालवून छातीचा पार भाता झालेला. गाडीत बसून त्यांना कुठे लांब फिरायला जायचं नव्हतं. ज्या गावातून तरुणपणी पोट घेऊन बाहेर पडले, त्या गावात जायचं होतं. आम्ही बौद्ध, गावात आमची वस्ती ओढ्यापलीकडे. दादांचं मागणं साधं होतं. गाडी थेट पारापाशी उभी करायची, तिथे त्यांनी उतरायचं, आणि कोणी विचारलं, गाडी कोणाची, तर सांगायचं की माझ्या लेकाची. फोनवर ते हे सगळं म्हणून दाखवायचे. मध्येच खोकल्याची उबळ आली, की ती ओसरल्यावर पुन्हा पहिल्यापासून. मी हो हो म्हणत फोन ठेवायचो.

दिवसही असे आले होते की गाडी न घेणंच अवघड झालं होतं. पूर्वी साध्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. आता आबिड्सला काचेआड गाड्या मांडलेल्या, आणि बँकेची माणसं कर्जाचे कागद घेऊन ऐन चहाच्या वेळेला कचेरीत हजर. बदलीची वाट बघून बघून मीही कंटाळलो होतो. एका पौर्णिमेला आम्ही गाडी आणायला गेलो. दुकानातल्या माणसाने चाकांखाली लिंबं ठेवली. बायको म्हणाली, लिंबं नकोत. त्याला वाटलं बाईंना लहान वाटली, म्हणून तो आतून चांगली टपोरी घेऊन आला. शेवटी आम्ही दोघांनी गाडीसमोर हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हटलं. तो बिचारा लिंबं मुठीत धरून आमचं आटपायची वाट बघत राहिला.

आणि गाडीला आंध्राचा नंबर लागतो न लागतो, तोच बदलीचा हुकूम आला. बायकोने हुकूम घडी घालून गाडीच्या कागदांत ठेवून दिला. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मग गाडी महाराष्ट्रात न्यायच्या ना-हरकत दाखल्यासाठी हेलपाटे सुरू झाले. मलकपेठच्या बाजूला एक एजंट बसायचा. दर वेळी काम होईलच अशा थाटात हसून म्हणायचा, "होता साब, परसों आओ." हैदराबादचा परसों म्हणजे कुठलाही दिवस, होऊन गेलेला किंवा कधीच न येणारा. इकडे सामान बांधायचं, मुलीचा शाळेचा दाखला काढायचा, गॅसची जोडणी हलवायची, आणि त्यात ही गाडी. नवी कोरी गाडी दारात उभी होती आणि तिच्याकडे बघितलं तरी मला दमल्यासारखं व्हायचं.

ना-हरकत दाखला शेवटपर्यंत मिळाला नाही. तशीच गाडी घेऊन आम्ही नांदेडला आलो. दादांना म्हटलं, इथला नंबर लागू द्या, मग गावी जाऊ. ते म्हणाले, "नंबर लागस्तोवर मी ऱ्हातो का?"

आम्ही दोघंच निघालो. दादांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि माझ्या लग्नात शिवलेला कोट. माझ्या शेजारी ताठ बसले होते. रस्ताभर नुसते ओठ हलत होते. तालीम चालली होती, हे मला कळत होतं.

पारावर चार-दोन म्हातारी माणसं बसली होती. त्यांच्यातले एक, ज्यांच्या घरी माझे आजोबा सालगडी होते त्या घरातले मालक. वयाने दादांच्याच बरोबरीचे. दादा गाडीतून उतरले. मालकांनी त्यांना ओळखलं, मग गाडीच्या नंबराकडे बघितलं. आवाजात राग नव्हता, तिरकेपणाही नव्हता. सहज विचारलं, "आंध्राची दिसती. कोणाची रे गाडी?"

मी दार उघडून बाहेर येत होतो. दादांनी चपला काढल्या. हात जोडले.

"सायबाची हाय जी, मालक. हैदराबादच्या. पोरगं डायवर हाय."

"बरं झालं," मालक म्हणाले. "पोटाला लागलं पोरगं."

माझं डोकं भणभणलं. राग नेमका कोणाचा येतोय हेही कळेना. गाडी माझी आहे, हे तीन शब्द जिभेवर होते. पण ते बोललो असतो तर त्या माणसांपुढे दादा खोटे पडले असते, आणि आयुष्यात दुसरं काही नाही तरी खोटं बोलणारा माणूस म्हणून त्यांचं नाव कोणी घेतलं नव्हतं. मी ड्रायव्हरसारखा मुकाट्याने माघारी फिरलो आणि गाडीत जाऊन बसलो. थोड्या वेळाने दादाही येऊन बसले. वस्तीत चुलत्यांकडे जायचं ठरलं होतं, पण ते म्हणाले, "चल घरी."

गाव मागे पडल्यावर मी म्हणालो, "दादा, परराज्यातला नंबर बघून त्यांना तसं वाटलं असेल. आपला नंबर लागला की पुन्हा येऊ."

"नंबरानं नाही झालं ते," दादा म्हणाले. "त्यांनी इचारलं अन् तोंड आपोआपच बोललं, बघ. मी बोललोच नाही."

मला त्यांची कीव आली नाही. मी फार दमलो होतो, आणि ते माझ्याहून कितीतरी आधीपासून दमलेले होते, एवढंच मनात आलं. मग माझं लक्ष खाली गेलं. त्यांचे पाय अनवाणी होते.

"दादा, चपला पारापाशीच राहिल्या. गाडी वळवू का?"

त्यांनी पाय जवळ ओढून घेतले.

"नको," ते म्हणाले. "पुन्हा तिथं उतरावं लागंल."