खविसाचे दोन कॉम्प्युटर

खविसाकडे नवा माणूस शिकायला आला की तो आधी त्याच्या हातात कात्री द्यायचा आणि माऊसची वायर कापायला लावायचा. "ज्याले पडद्यावरचा बाण दिसत नाही त्यानं तो कायले हलवावा? कापा," असं म्हणायचा. माऊस भंगारातला असे, पण ते नंतर कळे. अकोल्याच्या जठारपेठेत एका झेरॉक्सच्या दुकानावर त्याची खोली होती. स्वतः जन्मापासून आंधळा, वयानं माझ्या मुलाएवढा. शिकणारेही सगळे आंधळेच. समोर आम्ही मास्तर म्हणायचो आणि पाठीमागे खविस, आणि हे त्याला माहीत होतं.

मी हिवरखेडचा, चौथीपर्यंत शिकलेला. काचबिंदूनं डोळे गेले तेव्हा अकोल्याला मुलाकडे आलो. पोरगी अमरावतीला. तिनं आपल्या मर्जीनं लग्न केलं म्हणून मी तिचा फोन घेत नव्हतो. आधी तिनं येऊन पाया पडावं, हा माझा हट्ट. भावाबहिणीचंही बोलणं बंद. ती माझ्या नावानं ईमेल पाठवायची, मुलगा त्याच्या मोबाईलवर बघायचा आणि म्हणायचा, बरी आहे म्हणते, बाकी काही नाही. लहानपणी पाटी दोन्हीकडून भरणारी पोरगी एवढंच लिहील, हे मला पटेना. मला तिचं लिहिलेलं स्वतः ऐकायचं होतं. खविसाला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हंजे डोळे गेल्यावर पोरगी दिसून राहिली तुमाले."

मी तेव्हाच उठून जाणार होतो. पण जिना सापडला नाही.

त्याच्याकडे दोन कॉम्प्युटर होते. दोन्हीवर फुकटात मिळणारं लिनक्स, आणि दोन्हीवर पडद्यावरचं वाचून दाखवणारा ओर्का, नाकातून मराठी बोलणारा. फरक होता तो मांडणीचा. एकावर मेट नावाची. त्यात यादी उघडायची, बाणाच्या बटनानं एकेक पायरी खाली उतरायचं, ओर्का नावं सांगत जातो, पाहिजे तिथं थांबायचं. दुसऱ्यावर नोम. त्यात एक बटन दाबून जे पाहिजे त्याचं नाव लिहायचं, की ते हजर. यातलं कोणतं चांगलं, हे खविस काही केल्या सांगत नसे. "मी निवडून देलं तर मी मेल्यावर तुमी पुन्हा आंधळे," म्हणायचा.

चांदूर रेल्वेची एक कॉलेजातली पोरगी आमच्यात होती. ती मायेनं म्हणाली, आजोबा, तुम्ही मेटच घ्या, त्यात लिहावं लागत नाही. झालं. मी त्याच दिवशी नोम मागितलं. मला इंग्रजी अक्षरं धड जुळवता येत नव्हती आणि ते कोणाला कळू द्यायचं नव्हतं.

खविसाच्या खोलीत कानात घालायचं यंत्र नव्हतं. सगळं उघड्या स्पीकरवर, आणि ओर्का तर दाबलेलं प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणणारा. माझं ईमेलचं खातं खविसानं दोन्ही कॉम्प्युटरवर लावून दिलं होतं, ते उघडायला चार अक्षरं लागत. मी दहा दाबली, खोडली, पुन्हा दाबली. सारी खोली ऐकत होती. कोणीतरी हसलं. खविसानं त्याला गप्प केलं नाही. "हासू द्या. चौथी शिकेल माणूस, अन् तोरा बॅरिस्टरचा," म्हणाला. नऊ दिवस त्यानं मला तेच करायला लावलं. दहाव्या दिवशी मी गेलो नाही.

घरी आठ दिवस बसलो. नवव्या दिवशी ईमेल आला. मुलगा म्हणाला, बरी आहे म्हणते. मी काठी घेतली, रिक्षा केली आणि खविसाच्या दारात उभा राहिलो. म्हणालो, मास्तर, मले मेटवर बसवा.

"काहून?"

"असंच."

"असंच कोणी बसत नाही. काहून ते सांगा. सगळ्यायले ऐकू द्या."

खोलीत सात-आठ माणसं असतील. मी म्हणालो, "मले लिहिता येत नाही."

बापाला खांदा देतानाही माझा आवाज असा फाटला नव्हता.

त्यानं दंड धरून मला खुर्चीवर बसवलं. बाण खाली, बाण खाली, आणि पोरीचा ईमेल उघडला. ओर्कानं भर खोलीत वाचलं: "बाबा, माझं ऑपरेशन झालं. तुम्ही यावं म्हणून तीनदा लिहिलं. आता लिहिणार नाही."

कोणी हसलं नाही. मी टेबलाची कड धरून बसलो. खविस म्हणाला, "रडायचं बटन नाही याच्यात. उत्तर लिहा."

तीन ओळी मराठीत लिहायला मला दुपार झाली. एका अक्षराची मदत त्यानं केली नाही. माझं होईस्तोवर जेवायलाही उठला नाही.

आता मी अमरावतीला पोरीकडेच असतो. निघताना त्याला भेटायला गेलो तर म्हणाला, अडलं तर फोन करू नका, अर्धा दिवस अडून राहा. मीही हट्टी. एकदाही फोन केला नाही.

गेल्या उन्हाळ्यात चांदूरच्या त्या पोरीचा ईमेल आला. जावईबुवा म्हणाले, बाबा, थांबा, मी वाचतो. त्यांनी पडद्यावर आधीच पाहिलं असावं. मी त्यांचा हात बाजूला सारला. माणसानं वाचलं असतं तर आधी घसा खाकरला असता, नाव घ्यायला अडखळला असता, आणि तेवढ्या वेळात मला समजलं असतं. ओर्का अडखळत नाही. खविसाचं नाव, तो गेला तो वार आणि त्याला घरून नेण्याची वेळ, सगळं त्यानं एका दमात सांगितलं.

वेळ त्याच दिवशी सकाळी दहाची होती. मी जावयाला विचारलं, किती वाजले. ते म्हणाले, एक वाजून गेला.