रविवारचं दुखणं शुक्रवारी

दुखापतीची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही ॲम्ब्युलन्स, रक्त, आयसीयूबाहेर रडणारी आई असं सगळं मांडून बसला असाल. आवरा ते. यात मी पायरीवर उभा राहून टाचा वरखाली करतो. बास.

भात कापलेल्या कडक शेतात महिनाभर टेनिस बॉल क्रिकेट खेळलो आणि उजव्या टाचेमागची शीर धरली. सकाळी उठलो की म्हाताऱ्यासारखा चालायचो. शिमग्याला तीन महिने होते आणि यंदा पहिल्यांदाच मला पालखीला खांदा मिळणार होता. आमच्याकडे पालखी नुसती उचलत नाय, खांद्यावर घेऊन नाचवतात.

आईनं पोलादपूरहून एसटीनं मला महाडला फिजिओ मॅडमकडे नेलं. मला वाटलं, मशीन लावतील, तेल चोळतील. मॅडमनी खुर्ची पुढे ओढून विचारलं, "तुला या पायानं काय करायचंय?"

संशय तिथेच आला. डॉक्टर कधी विचारतो का? डॉक्टर सांगतो.

"पालखी नाचवायचीय."

"मग व्यायाम पालखीसाठीच ठरवू. किती जड असते? किती वेळ नाचता?" सगळं लिहून घेतलं.

परतताना एसटीत आई पुटपुटली, "आपल्यालाच इचारते. शिकलेली हाय का नाय रे?"

वर, दुखतं तिथेच जोर द्यायचा! टाचा सावकाश वर, त्याहून सावकाश खाली. "टेंडन म्हणजे पोटरीला टाचेशी बांधणारी दोरी," मॅडम म्हणाल्या. "नुसत्या आरामानं ती मजबूत होत नाही. थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या सकाळी वाढलेलं नको." आणि एक वही दिली. रोज सकाळी दुखणं शून्य ते दहामध्ये लिहायचं, त्यावरून पुढचं वजन ठरणार.

मला पक्कं वाटलं, हा सापळा हाय. सात लिहिलं की बाई पालखी बंद करणार. म्हणून रोज दोन लिहिलं. शून्यावर कोण विश्वास ठेवेल? गावातल्या कोणाचीही नक्कल मला जमते; दवाखान्यात शिरताना आमच्या सरपंचांची ऐटदार चाल काढायचो, बाहेर पडलो की लंगडायचो. मॅडम खूश. व्यायाम एका पायावर आला, पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो वाळू आली, मग दहा. टाचेमागे लिंबाएवढी सूज आली, ती मोज्यात लपवली.

शाळेत प्रॅक्टिकलचं जर्नल एका बैठकीत भरायचो, तशी वहीपण भरायचो. एका शुक्रवारी आई बरोबर आली होती, तेव्हा मॅडमनी ती उघडली. शनिवार दोन. रविवार दोन. सोमवार दोन.

"आज वार कोणता?"

"शुक्रवार."

"रविवारी किती दुखणार, ते आजच कळलं?"

मोजा उतरवून त्यांनी दोन बोटांनी टाच चिमटीत धरली. मी ओरडलो, आणि ते ओरडणं कोणाची नक्कल नव्हती.

"मी वजन वाढवलं ते तुझ्या या दोनाच्या भरवशावर," मॅडमचा आवाज चढला. "पालखी बंद करेन असं कोण म्हणालं तुला? मला विचारायचंस ना! मी पहिल्या दिवशी तुलाच विचारलं होतं. आता यंदा खांदा नाही."

"मेल्या," आई खुर्चीवरून उठलीच, "साऱ्या गावाचे आवाज काढतोस. दुखतंय म्हणायला तोंड नव्हतं? आणि मी या बाईंनाच अडाणी समजत होते!"

मॅडमनी आईकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे.

"सॅक घरी. उद्यापासून दोन्ही पायांवर, वजनाशिवाय. आणि रविवारचं रविवारी लिही."