आधी नाव, मग निरोप

किसन रोकड्याच्या रिक्षावर दोन भोंगे होते, एकाचं तोंड पुढं, एकाचं मागं. अंबरनाथ पूर्वेपासून पालेगावच्या वाड्यांपर्यंत, आणि बोलावणं आलं तर खाली बदलापुरात मांजर्लीपर्यंत, भोंगा खरखरला की बाया हातातलं लाटणं हातातच ठेवून दारात यायच्या. उद्या नळाला पाणी नाही, शाळेत डोस पाजणार आहेत, उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात साड्यांचा सेल लागलाय, अमक्याची म्हातारी हरवलीय, अंगावर हिरवं लुगडं आहे. सगळं किसनच्या तोंडून. एकदा नदी चढली तेव्हा मांजर्लीतली माणसं हवालदार शिट्ट्या मारून दमला तरी घरं सोडीनात. किसनची रिक्षा फिरली आणि अर्ध्या तासात सगळी गाठोडी घेऊन रस्त्यावर.

हे काही गळ्याचं कौतुक नव्हे. गळा कसला, फुटक्या पिपात खडे टाकल्यासारखा. कौतुक होतं एका रीतीचं, आणि ती त्याला बापाकडून आली होती. धोंडिबा गावात हलगी बडवून दवंडी द्यायचा. छप्पन साली त्याने दीक्षा घेतली, हलगी चुलीत घातली आणि गावकीच्या कामाला जन्मात हात लावला नाही. पण किसनने पुढं रिक्षा घेतली, स्वतःच्या भोंग्यावर स्वतःचा धंदा मांडला, तेव्हा म्हातारा एवढंच म्हणाला, "दुसऱ्याचा निरोप सांगशील तर आधी त्याचं नाव घे. नाव आधी, निरोप मागून. नाहीतर खोटं त्याचं नि जोडे तुला."

त्यामुळे किसनची प्रत्येक हाळी 'अमक्याच्या सांगण्यावरून' अशी सुरू व्हायची. नगरपालिकेच्या सांगण्यावरून. चंदूमल साडीवाल्याच्या सांगण्यावरून. ऐकणाऱ्याने काय ते ठरवावं. चंदूमलचा 'आज शेवटचा दिवस' महिनाभर चालतो हे साऱ्या पंचक्रोशीला पाठ होतं.

एकोणनव्वद साली त्याच्या दारात मोटार उभी राहिली. आतून उतरले शंकरराव, पलीकडच्या रंगाच्या कंपनीचे जनसंपर्क अधिकारी. म्हणजे काम काय, तर कंपनीने घाण केली की लोकांकडे बघून हसायचं. त्याचा पगार मिळायचा. त्यांच्या मागून उतरले दोन विद्वान. डॉक्टर कुमुदिनी सबनीस आणि प्राध्यापक मोघे, मुक्काम मुंबई. लोक कोणाचं का ऐकतात, यावर या दोघांनी उभा जन्म काढलेला, आणि दोघांनी मिळून कोणाचं म्हणून कधी ऐकून घेतलेलं नव्हतं.

झालं होतं असं, की पालेगावच्या वरच्या ठाकूरवाडीतल्या विहिरीचं पाणी आदल्या वर्षी जांभळं झालं होतं. वाडीने विहीर टाकली. बाया टेकडी उतरून खालच्या हातपंपावरून पाणी आणायला लागल्या. आता कंपनी म्हणत होती, आम्ही सांडपाण्याला नवी टाकी बांधली, विहीर निवळली, प्या खुशाल. रंग गेला होता हे खरं. पण वाडी काही विहिरीकडे फिरकत नव्हती, आणि वरच्या साहेबांना कागदावर दाखवायला वाडी पाणी पिताना हवी होती.

किसनने हाळी दिली. रीतीप्रमाणेच दिली. "रंगाच्या कंपनीच्या सांगण्यावरून, विहिरीचं पाणी चांगलं झालं आहे!"

वाडीतली नवसी डोक्यावर हंडा घेऊन चालली होती. ती तिथंच थांबून हसायला लागली. "कोनाच्या? कंपनीच्या? मंग कंपनीला सांग, ये नि पी!"

बाकीच्या बायाही हसल्या. कडेला दोन्ही विद्वान छापील फॉर्म घेऊन बसले होते, ते भराभर लिहायला लागले. कुमुदिनीबाईंनी नवसीला विचारलं, "या संदेशावर तुमचा विश्वास पूर्ण आहे, अंशतः आहे, की सांगता येत नाही?"

"बाय," नवसी म्हणाली, "हंडा उतरून देतेस का जरा?"

बाईंनी 'सांगता येत नाही' वर खूण केली.

तेवढ्यात मोघ्यांना फोटोची हुक्की आली. किसनने धोतर नेसून, गळ्यात हलगी अडकवून उभं राहावं, म्हणजे पारंपरिक माध्यम कसं शोभून दिसेल. हलगी आपण आणलीच आहे, गाडीत आहे.

"सर," किसन म्हणाला, "माझ्या बापाने ती जाळून तेहतीस वर्षं झाली. तुम्ही कोणत्या चुलीतून काढलीत?"

मोघ्यांनी फोटो रिक्षाचा काढला.

मग अंबरनाथच्या एका सभागृहात चर्चासत्र भरलं. कंपनीच्या पैशाने श्रीखंड-पुरी होती, त्यामुळे विद्वानांचा तुटवडा नव्हता. किसनला पाहुणा म्हणून बोलावून शेवटच्या रांगेत, पंखा नसलेल्या बाजूला बसवलं. त्याने तीन तास ऐकलं. कुमुदिनीबाई भिंतीवर तक्ते दाखवत होत्या. विश्वास तीन प्रकारचा असतो, असं त्यांचं म्हणणं. एक टकले गृहस्थ उठले आणि म्हणाले, चार प्रकारचा. त्यावर पाऊण तास दोघांची जुंपली. चौथा प्रकार तिसऱ्याचा पोटप्रकार मानावा असं ठरलं तेव्हा टाळ्या पडल्या. पाणी हा शब्द एकदाच ऐकू आला, तोही मोघ्यांना ठसका लागला म्हणून.

शेवटी निष्कर्ष आला. कंपनीचं नाव घेतलं की शंभरातले चार विश्वास ठेवतात. नाव गाळलं आणि ओळखीच्या माणसाने स्वतःचं म्हणून सांगितलं, तर सत्तर ठेवतील. सबब, नाव गाळावं.

किसनने हात वर केला. "पाणी कोणी तपासलं?"

सगळ्या माना अशा मागं वळल्या, की जणू कोणी देवघरात चपला घालून आला.

"तो आमच्या विषयाचा भाग नाही," मोघे गोड हसून म्हणाले. "आम्ही पाण्याचा नाही, पाण्याविषयीच्या समजुतीचा अभ्यास करतो."

दोन विद्वान, चारशे फॉर्म, तीन तक्ते, आणि एकाला म्हणून बाटलीभर पाणी काढून न्यायचं सुचलं नव्हतं!

जेवणाच्या वेळी शंकररावांनी किसनच्या खांद्यावर हात टाकला. "किसनभाऊ, सोमवारी पुन्हा एक फेरी मारा. फक्त सुरुवातीचं ते आमचं नाव नको. तुम्ही म्हणताय, बास. तुमच्या शब्दावर वाडी जाईल विहिरीवर. आणि पुढं वर्षभर कंपनीचं सगळं काम तुमच्याकडे."

किसनच्या हातातली पुरी हातात राहिली. शंकररावांचं खरं होतं, हीच तर भीती. वाडी गेली असती. नवसीने हंडा सरळ विहिरीत सोडला असता, किसन बोलला म्हणून. आणि पाण्यात काय आहे हे ना शंकररावांना ठाऊक, ना विद्वानांना, ना त्याला.

घरी त्याने बायकोला, भिमाबाईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "नाही म्हणा. सोपं आहे."

"मी नाही म्हटलं तर ते दुसरा भोंगा आणतील."

"मग लोकांना कळायला नको का, हे काय शिजतंय ते?"

दुसऱ्या दिवशी किसन कुमुदिनीबाईंकडे गेला. त्या सामान आवरत होत्या. "मॅडम, तुमचा शोध मला एका पानावर मराठीत लिहून द्याल का? लोकांना वाचून दाखवीन म्हणतो."

बाईंचा चेहरा असा उजळला, की घरी पोरगी बघायला मंडळी आली असावीत. "मोघेसर, ऐकलंत? संशोधन लोकांपर्यंत जातंय!"

"हेच तर म्हणतो मी कधीचा!" मोघे म्हणाले.

"नावासकट वाचू का?"

"अर्थात! आणि हे बघा, नावाआधी डॉक्टर म्हणायला विसरू नका," बाई म्हणाल्या आणि छापल्यासारख्या सुवाच्य अक्षरात अख्खं पान लिहून दिलं. खाली सही, तारीख.

सोमवारी रिक्षा निघाली. पालेगाव, वाडी, कंपनीचं फाटक, कुठलंही सोडलं नाही.

"ऐका मंडळी! डॉक्टर कुमुदिनी सबनीस आणि प्राध्यापक मोघे यांच्या सांगण्यावरून! रंगाच्या कंपनीच्या उदार साहाय्याने झालेला शोध! विहिरीचं पाणी चांगलं आहे असं कंपनीचं नाव घेऊन सांगितलं, तर शंभरात चार माणसं मानतात. नाव लपवून ओळखीच्या माणसाकरवी सांगितलं, तर सत्तर मानतील. सबब कंपनीचं नाव घेऊ नये अशी शिफारस आहे! अभ्यासाच्या मर्यादा! पाणी चांगलं की वाईट, हा प्रश्न प्रस्तुत अभ्यासाच्या कक्षेबाहेर आहे! हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, खाली सही आहे!"

तिसऱ्या फेरीला कंपनीच्या फाटकावरचे कामगार पोट धरून बसले होते. शंकरराव बाहेर धावत आले, किसनच्या तोंडाशी येऊन ओरडले, आणि त्यांच्या शिव्या त्याच्या हातातल्या माइकमधून दोन्ही भोंग्यांनी पालेगावापर्यंत गेल्या. मोघ्यांचं दुःख वेगळंच. "अहो, तुम्ही आमचा अख्खा नमुना बिघडवलात! आता ही माणसं नैसर्गिक प्रतिसाद देणार नाहीत!"

"देतील की सर," किसन म्हणाला. "इथून पुढंच देतील."

वाडी ग्रामसेवकाच्या दारात जाऊन बसली, उठेचना. मग कुठे दोन बाटल्या सीलबंद होऊन सरकारी प्रयोगशाळेत गेल्या. महिन्याने कागद आला, आणि किसनने 'सरकारी प्रयोगशाळेच्या सांगण्यावरून' हाळी दिली, की विहिरीचं पाणी पिऊ नये, रंग गेला तरी विष गेलेलं नाही. त्याच उन्हाळ्यात वाडीच्या वेशीवर नवा हातपंप आला. कंपनीचं काम मात्र किसनला पुन्हा कधी मिळालं नाही.

दोनेक वर्षांनी टपालाने एक जाड मासिक आलं. विद्वानांचा लेख छापून आला होता. रिक्षाचा फोटो होता, तक्ते होते, विश्वासाचे चारही प्रकार होते. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती, 'एका स्थानिक उद्घोषकाच्या असहकारामुळे दुसरा टप्पा पूर्ण होऊ शकला नाही.'

किसन ते घेऊन वाडीत गेला. नवसी नव्या हातपंपावर होती. त्याने तिला ती ओळ वाचून दाखवली.

"उद्घोषक म्हंजे कोन?"

"मीच की."

"मंग तुझा नाव?"

"नाही घातलं."

"नि कंपनीचा?"

किसनने पानं उलटून बघितली. पहिलं, शेवटचं, मधलं. "तेही नाही."

नवसीने दांडा खाली ओढला, हंडा भरत आला होता. "मंग खोटाच असंल," ती म्हणाली, आणि त्याला हात लावायला सांगून हंडा डोक्यावर घेतला.