ऊ थांट बेट: जिथे उतरता येत नाही

आधीच सांगून टाकतो. हे बेट बघायला मुद्दाम न्यूयॉर्कला जाऊ नका. गेलात तर निदान डोळे शाबूत असताना जा.

ईस्ट रिव्हरच्या मधोमध, संयुक्त राष्ट्रांच्या उंच इमारतीसमोर एक खडकाचा ठिपका आहे. नकाशात त्याचं नाव बेलमाँट बेट, पण लोक त्याला ऊ थांट बेट म्हणतात. ऊ थांट म्हणजे ब्रह्मदेशाचा तो मुत्सद्दी, जो संयुक्त राष्ट्रांचा प्रमुख झाला होता. बेटावर चार झाडं, एक लोखंडी कमान, एक दिव्याचा खांब आणि बाकी सगळे पाणकावळे. माणसांना बंदी. आमच्या पार्सिपनी गावात कुणाला विचारलं तर म्हणतील, "असलं काही आहे का यार?" मलाही माहीत नव्हतं, पण माझ्या मधुकर काकांना माहीत होतं, आणि ते नागपूरहून फक्त तेवढ्यासाठी आले होते.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. नागपुरातल्या इंदोरा वस्तीत वाढले, शाळेत मास्तर होते. ते लहान असताना माझ्या आजोबांनी चहाच्या टपरीवर रेडिओ ऐकला आणि घरी येऊन सांगितलं, "एक बौद्ध माणूस जगाच्या खुर्चीवर बसला. ऊ थांट नाव त्याचं." दीक्षा घेऊन आमच्या घराला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. आजोबांना वाटलं, आपल्याच घरातलं कुणी बसलं. दुसऱ्या दिवशी काकांनी हे शाळेत छाती फुगवून सांगितलं. पोरं म्हणाली, "ऊ? डोक्यातली ऊ?" झालं. त्या दिवसापासून काकांचं नाव पडलं 'ऊ'. आधी 'ए ऊ', मग 'ऊ मास्तर'. म्हातारपणीही वस्तीतले जुने दोस्त त्यांना ऊच म्हणतात. काका हसतात, पण मी त्यांचा पुतण्या आहे, ते हसणं मला कळतं.

पुढे कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं की त्या माणसाच्या नावाचं एक बेट आहे. तेव्हापासून एकच धोशा: "प्रवीण, ते बेट एकदा पाहाचं आहे." व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळता मिळता वर्ष उलटलं आणि तेवढ्यात काचबिंदूनं डोळे धरले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, आहे तीही फार टिकणार नाही. ऑगस्टमध्ये ते उतरले तेव्हा त्यांना नळीतून पाहिल्यासारखं एवढंसं दिसत होतं. चहाचा कप दिसायचा, बशी नाही. विमानतळावर मी समोर उभा होतो आणि ते माझ्या शेजारच्या माणसाला हात करत होते.

म्हणून पहिलाच शनिवार धरला. बायको हॉस्पिटलात ऑन-कॉल होती, तेव्हा मी, काका आणि आमची आठवीतली लेक यशू. आभाळ सकाळपासून राखाडी, हवा चिकट. शहरात गाडी घालायच्या भानगडीत पडू नका, पार्किंगवाले सोलून काढतात. गाडी सिकॉकस स्टेशनला लावली, तिथून ट्रेननं पेन स्टेशन, एक स्टॉप सबवेनं टाइम्स स्क्वेअर, आणि मग सात नंबरची गाडी. काठीवर चालणारं कुणी बरोबर असेल तर जिने धरून दुप्पट वेळ ठेवा. काकांना प्रत्येक जिन्याची शेवटची पायरी दिसत नव्हती. ते पाय हवेत धरून विचारायचे, "संपला का बे?"

सात नंबर नदीखालून क्वीन्सला जाते. मजा अशी की हाच बोगदा खणताना निघालेला दगड नदीत टाकला आणि त्याचं हे बेट झालं. आमच्याकडे डोंगर पोखरून उंदीर निघतो, यांनी बोगदा पोखरून बेट काढलं. काकांना सांगितलं तर त्यांनी डब्याच्या छताकडे मान वर केली.

"म्हणजे आता ते आपल्या डोक्यावर आहे?"

"इथंच कुठेतरी."

"डोक्यावर ऊ!" काका म्हणाले आणि एकटेच हसले.

आधी जेवण उरकायचं म्हणून आम्ही तसेच पुढे एल्महर्स्टला गेलो. तिथे ब्रह्मी लोकांची छोटी छोटी हॉटेलं आहेत. मुरवलेल्या चहापत्तीची कोशिंबीर आणि मोहिंगा, म्हणजे माशाच्या रश्श्यात शेवया, हे दोन्ही घ्याच. तिघांचं मिळून आपल्या थाळीच्या हॉटेलापेक्षा स्वस्तात होतं. काकांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "याला बेसन लावलं आहे." होतंच लावलेलं.

मालकीणबाई साठीच्या, गालावर चंदनासारखा लेप. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. मी तिच्याकडे बोट दाखवून सांगितलं की आम्हीही बौद्ध, आणि काका ऊ थांट बेट बघायला भारतातून आले आहेत. बाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग काकांकडे वळून त्यांनी विचारलं, "ऊ...? नाव काय तुमचं?"

काकांचा चेहरा पडला. त्यांना इंग्रजी जेमतेम कळतं, पण ऊ कळलं. इथेही? मी घाईघाईनं विचारलं, ऊ कशाला म्हणता? बाईंना माझं विचारणंच कळेना. त्या म्हणाल्या की ऊ हे नाव नाही. मोठ्या माणसाला नुसत्या नावानं कशी हाक मारणार? ऊ म्हणजे काका. ज्याला मान द्यायचा त्याच्या नावाआधी ऊ लावायचं.

मी काकांना सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला, तो टेबलाच्या कडेवरून जमिनीवर पडला.

"पुन्हा सांग."

"ऊ म्हणजे काका. थांट काका. तुम्ही ऊ मधुकर."

"अन् साठ वर्षं मी त्याहीचे ऐकून घेतले," काका म्हणाले. डोळे पुसायला त्यांनी रुमाल शोधला, तो समोरच होता, पण यशूनं हातात दिला तेव्हा सापडला. निघताना बाई दारापर्यंत आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "ऊ मधुकर!" काकांनी हात जोडले. मला वाटलं, दिवस सार्थकी लागला. कुठला लागतोय!

परतीच्या सात नंबरनं व्हर्नन बुलेव्हार्डला उतरलो. तिथून नदीकाठची बाग चालत दहाएक मिनिटांवर आहे. जुन्या मालधक्क्याच्या काळ्या लोखंडी कमानी, कोल्ड्रिंकची ती प्रचंड लाल पाटी, लाकडी धक्के, फोटो काढणारी जोडपी. बाग फुकट आहे आणि बाकंही चांगली आहेत. बेट अगदी समोर. समोर म्हणजे किती, तर कुणी दाखवल्याशिवाय तुम्हालाही ते दिसणार नाही. मागच्या इमारतींच्या रंगात ते मिसळून जातं, पाण्यात बसलेल्या म्हशीच्या पाठीएवढं.

मी काकांना कठड्याशी उभं केलं, मागून त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि बरोब्बर त्या दिशेला वळवलं. "सरळ बघा. हलू नका."

काका बघत राहिले. ती नळी पाण्यावर इकडून तिकडे फिरत असणार. मान हळूहळू डावीकडे सरकली. मग एकदम त्यांनी कठडा घट्ट पकडला.

"दिसलं! दिसून राहिलं बे! केवढं लांब आहे! लाल आहे ना?"

मी त्यांच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. बेटाच्या बऱ्याच डावीकडे एक गंजकी लाल बार्ज उभी होती, मालाचा तो सपाट तराफा, मागे ढकलणारी टगबोट लावलेली. काकांनी काठी माझ्या हातात दिली, चपला काढल्या, हात जोडले आणि "नमो तस्स भगवतो" म्हणायला सुरुवात केली. शेजारचं जोडपं आदरानं जरा बाजूला झालं.

यशूनं माझी बाही ओढली. "बाबा, ही इज लुकिंग ॲट द..."

"श्शू."

"बट इट्स अ बार्ज!"

मी तिचा हात दाबला. काय वाईट होतं? वंदना पूर्ण होऊ द्यायची, फोटो काढायचा, घरी जायचं. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला लाल तर लाल. माझं ठरलं होतं. टगबोटीचं नव्हतं. तिनं धूर सोडला आणि बार्ज निघाली.

काकांचे हात जोडलेलेच होते. तोंडातलं पाली मध्येच थांबलं. बार्ज जशी सरकत होती तशी त्यांची मान सरकत होती, डावीकडे, आणखी डावीकडे. मग ती त्यांच्या नळीतून निसटली असावी.

"प्रवीण," ते म्हणाले, "बेटं चालत नाहीत ना रे?"

यशू म्हणाली, "आजोबा, दॅट वॉज अ बोट. आयलंड इथे आहे. आय कॅन शो यू." तिनंही त्यांची मान वळवून पाहिली. हनुवटी धरली, बोट दाखवलं, फोनवर झूम करून दाखवलं. फोनमध्ये त्यांना स्वतःचा अंगठा दिसला. पुष्कळ वेळ आम्ही हा खेळ केला. शेवटी काका बाकावर बसले आणि अनवाणी पायानंच चपला चाचपू लागले.

"राहू द्या. घरी चला."

मला भयंकर राग आला होता. त्या व्हिसाच्या तारखांवर, त्या बार्जवर, एवढ्या मोठ्या माणसाच्या नावानं एवढासा धोंडा ठेवणाऱ्यांवर. कुणावर काढणार? फेरीबोटीची तिकिटं आधीच फोनवर घेऊन ठेवली होती, म्हणून धक्क्यावर गेलो. ही फेरी घ्या, तिकीट सबवेपेक्षा थोडंसंच जास्त आहे आणि ज्येष्ठांना सवलतही आहे. लाँग आयलंड सिटीहून ती पलीकडे चौतिसाव्या रस्त्याला जाते आणि जाताना बेटाच्या जवळून जाते.

काका वर उघड्यावर बसले, मान खाली घालून. मी काही दाखवायच्या फंदात पडलो नाही. फेरी निघाली, वळली आणि वाऱ्याबरोबर असा काही भपकारा आला की सगळ्यांनी नाकं दाबली. सडके मासे आणि कोंबड्यांचं खुराडं एकत्र. एक बाई "ओ माय गॉड" करत खाली पळाली.

काकांनी मान वर केली. "हा कशाचा वास?"

"बर्ड पूप, आजोबा," यशू नाक दाबूनच म्हणाली. "द आयलंड. सगळं व्हाइट झालंय. कावळ्यांनी."

"बेटाचा वास आहे?"

"हो," मी म्हणालो. "पाणकावळ्यांची विष्ठा. अगदी जवळ आहोत."

काकांनी डोळे मिटले. आणि त्या दुर्गंधीत त्यांनी नाकपुड्या फुगवून खोल श्वास घेतला. सोडला, पुन्हा घेतला. वास विरेपर्यंत घेत राहिले. या वेळी त्यांनी हात जोडले नाहीत. पलीकडे उतरल्यावर पेन स्टेशनला जाणारी बस आहे, तिच्यात बसल्यावर एवढंच म्हणाले, "किती घाण करून ठेवली आहे त्या बिचाऱ्याच्या बेटावर." मग खिडकीकडे तोंड केलं. बाहेरचं त्यांना काही दिसत नव्हतं.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं म्हणून सप्टेंबरातच ते परत गेले. गर्दीत घरच्यांनी त्यांचे दोन्ही हात धरले होते, कारण तोपर्यंत उजेड आणि अंधार एवढंच उरलं होतं. आता तेही नाही. मी काढलेले बेटाचे फोटो आमच्या फॅमिली ग्रुपवर पडून आहेत. सगळ्यांनी अंगठे दिलेत.

त्या दसऱ्याला मी व्हिडिओ कॉल लावला. इकडे सकाळ, तिकडे संध्याकाळ. काकांच्या खोलीत जुने दोस्त बसले होते आणि चुलतभावानं फोन काकांच्या तोंडासमोर धरला होता. कुणीतरी भीमराव म्हणून आहेत, शाळेपासूनचे, हे नाव पाडणारे तेच. त्यांचा आवाज आला.

"काय बे ऊ, पाहिलं का मग तुझं बेट?"

"हो, अगदी जवळून..." मी इकडून घाईनं म्हणायला लागलो, पण काकांनी मला थांबवलं.

"नाही पाहिलं," ते म्हणाले. "एका होडीले हात जोडून आलो. बेटाचा निस्ता वास घेतला."

खोलीत हशा झाला. काका तो संपेपर्यंत थांबले.

"हसा. पण भीमराव, ऊ म्हणजे काका, ब्रह्मी लोकाहीच्या भाषेत. मान देऊन बोलावतात. तू साठ वर्षं मले मान देऊन राहिला, तुलेच माहीत नोहतं. आता म्हण. पूर्ण म्हण."

कपबशी ठेवल्याचा आवाज आला. मग भीमराव खाकरले आणि हळूच, शाळेतल्या पोरासारखे म्हणाले, "ऊ मधुकर."

"ओ," म्हणत काका आवाजाकडे वळले, आणि माझ्या स्क्रीनवर त्यांचा फक्त एक कान उरला.