तीन पानांचा अभिप्राय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला मी आमटी करपली तरी फोन करून सांगते.

एलेनबाई मूळच्या अमेरिकन. राज्यशास्त्रात मोठं नाव. तिकडची दोन विद्यापीठं गाजवून त्या ऑकलंडला आमच्या विभागाच्या प्रमुख म्हणून आल्या, पुढे डीन झाल्या, तरी बसायच्या विभागातल्या आपल्या जुन्याच खोलीत. इथे सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात, म्हणून तोंडाने मी ‘एलेन’ म्हणायचे. मनात मात्र बाईच. पुण्याहून आलेल्या मला त्यांनीच पीएचडीला घेतलं, त्यांनीच नोकरीला लावलं. माझ्या लेकीला पोहायला शिकवलं तेही त्यांनीच. शुक्रवारी चार वाजता त्यांच्या खोलीत चहा. मी सँडरिंगहॅम भागातल्या भारतीय दुकानातला चिवडा न्यायचे, त्या आपल्या झाडाचे फिजोआ, ती इथली पेरूसारखी फळं, कापून ठेवायच्या. अजूनही कुणाच्या कुंपणाशी तो आंबटगोड वास आला की मी पाऊल उचलते, भराभर पुढे जाते.

मग असं झालं तरी काय? सांगते. जीभ रेटत नाही, पण सांगते.

आमच्याकडे पुस्तक छापण्याआधी त्या विषयातल्या कुणाकडे तरी वाचून अभिप्राय द्यायला पाठवतात. लिहिणाऱ्याचं नाव झाकलेलं, वाचणाऱ्याचंही. असंच एक बाड माझ्याकडे आलं — छोट्या गावांच्या सभांत माणसं हात वर कधी करतात, आणि कधी करत नाहीत, याविषयीचं. दुसऱ्याच पानावर मी बाईंना ओळखलं. इतकी वर्षं त्यांचीच वाक्यं वाचत आले होते, ओळखणार नाही? नियम साधा आहे. लेखक ओळखीचा निघाला तर बाड परत करायचं, एका ओळीचं पत्र जोडून. ती एक ओळ मी का लिहिली नाही?

कारण पुस्तक सुंदर होतं. आठ वर्षं मी ‘लिहिणार, लिहिणार’ म्हणत होते ते हेच — आणि बाईंनी सत्तरीला टेकल्यावर, डीनचा व्याप सांभाळून, लिहून मोकळं केलं होतं. माझ्या पोटात दुखलं. दुसरं काही कारण सांगितलं तर ते खोटं होईल.

मी लिहिलं, मांडणी जुनी झाली आहे. लेखकाचा या प्रश्नांशी जिवंत संबंध उरलेला नाही. तीन पानं, अगदी सभ्य भाषेत.

दोन महिन्यांनी एका शुक्रवारी बाईंनी तीच तीन पानं माझ्यासमोर ठेवली. चष्मा काढला. “तू मला खोटं सांगणार नाहीस. याचं म्हणणं बरोबर आहे का?”

तेव्हा तरी सांगता आलं असतं — नाही का? मी म्हटलं, “थोडं तथ्य आहे.”

त्यांनी पुस्तक मागे घेतलं. वर्ष संपायच्या आत डीनपद सोडलं, घर विकलं आणि बहिणीजवळ ओहायोला निघून गेल्या. निरोपाचं भाषण मीच केलं. लोकांचे डोळे भरून आले.

आता त्यांच्या खोलीत मी बसते, विभागप्रमुख म्हणून. शुक्रवारी चारला तिथे बसवत नाही. बाईंची फार आठवण येते — त्यांच्या हसण्याची, माझ्या लिखाणावरच्या पेन्सिलीच्या खुणांची. माझ्यावर रागावणारं असं कुणी आता राहिलंच नाही. लेक म्हणते, “आई, एलेनला कॉल कर ना. शी मिसेस यू हीप्स, खूप आठवण काढते तुझी.” मी करते. हवापाण्याचं बोलते.

गेल्या महिन्यात त्यांचं पार्सल आलं. तेच बाड. वर चिठ्ठी होती. ‘हे तू पूर्ण कर, तुझ्या नावाने छाप. त्या वाचणाऱ्याने मला वेळीच थांबवलं. त्याचे आभार मानायचे राहून गेले.’

पोचल्याचं सांगायला मी फोन केला. त्यांनी विचारलं, वाचलंस का?

“अजून नाही,” मी म्हटलं.

“सावकाश वाच,” बाई म्हणाल्या. “पहिल्यांदा वाचण्याची मजा पुन्हा येत नाही.”

मी ‘हो’ म्हटलं.