साफकाकांची कुंडी

साफकाकांकडे फोटो घेऊन गेलं की चहाच्या आधी प्रश्न यायचा, "बोल, कोनाले साफ करू?" कारंज्याला बसस्टँडमागे त्यांचा स्टुडिओ. पाटीवर देवाचं नाव, पण आम्ही पुतणे आणि निम्मं गाव त्यांना साफकाकाच म्हणायचो. चेहऱ्यावरचे फोड, दातांतली फट, भिंतीवरची पाल, सगळं ते कॉम्प्युटरवर पुसत. माझं पोट तर त्यांनी माझ्या लग्नापासून नेमाने कापलं. फोटो पाहून भेटायला आलेले पाहुणे मलाच विचारतात, "भाऊ घरी आहेत का?"

कॅमेरा ते स्टीलच्या डब्यात ठेवत. लेन्सला बुरशी लागू नये म्हणून त्यात बुटांच्या खोक्यातल्या, ओल शोषणाऱ्या पुड्या. कुणी नवे बूट घेतले की काका हजर. "बूट तुहे, पुडी माही."

खरं नाव झालं ते माणसं साफ करण्यात. सोयरीक मोडली, भावाभावांत फाटलं, की लोक जुना ग्रुप फोटो घेऊन येत. काका नको तो माणूस काढत आणि त्या जागी मनीप्लँटची कुंडी बसवत. सगळ्यांना तीच कुंडी. आमच्या अल्बमात तर बाग झाली आहे. मूळ फोटो वेगळा ठेवायचा नाही, त्याच्यावरच सेव्ह करायचं, ही त्यांची रीत. "साफ म्हंजे साफ. उद्या गोड झालं तं नवा फोटो काढू."

मग त्यांचा एकुलता मुलगा रवी एकदा म्हणाला, "बाबा, सगळ्यायच्या खिशात कॅमेरा हाये. मी कायले इथं बसू?" शब्दाला शब्द लागला. रवी घर सोडून गेला, फोन नंबरही बदलला. काकांनी शटर अर्धं ओढून घरातल्या एकूण एक फोटोत कुंडी बसवली, भिंतीवरचे फोटोही नवे छापून लावले.

पुढे काकूंनी अंथरूण धरलं. त्यांचं एकच मागणं. "मले रवीचं तोंड दाखवा. फोटोत तं दाखवा."

काकांनी कॅमेऱ्याची जुनी कार्डं पुन्हा पुन्हा लावून पाहिली, अकोल्याला डिस्क नेऊन आले. काही निघालं नाही. आम्ही आपापले फोन धुंडाळले. रवी मुलखाचा लाजाळू. कुठे पंगतीतली पाठ, कुठे नुसता कान. माझ्या फोनात माझेच फोटो ढीगभर, तेही पोट आत ओढलेले.

एके दुपारी मी तिथेच बसलो होतो. काकूंनी उशाजवळचा फोटो उचलला. काका, काकू आणि मधे कुंडी.

"हे काय हाये तुमच्या खांद्यावर?"

काकांनी चष्मा वर केला. खांद्यावर मागून आलेली चार बोटं होती. रवीचा हात पुसायचा राहून गेला होता.

"चुकलं माह्याच्यानं," काका म्हणाले.

"बरं झालं, एवढं तरी चुकले तुमी."

काकू गेल्या तेव्हा तो फोटो त्यांच्या हाताखाली होता. रवीला कळवायला पत्ता नव्हता. आजही नाही.

परवा गेलो तेव्हा काका कॉम्प्युटरपुढे बसलेले. मी सवयीने म्हटलं, "काका, पोट कापायचं होतं."

"राहू दे रे. हाये ते असू दे," ते मागे न वळता म्हणाले.

पडद्यावर ती चार बोटं होती. काका ती मोठी करत होते, आणखी मोठी. नखं गेली, कातडी गेली, आणि शेवटी नुसते गव्हाळ चौकोन उरले. मग त्यांनी ती लहान केली आणि पुन्हा सुरुवात केली.